धरणाच्या पोटातली परतीची धाव

बेलथडी, ता. नेवासा
२ मे २०२४

चि. वाल्मिक,

आशीर्वाद राखून ठेवलेत. आधी पत्र वाच, मग देईन.

फोन केला की "अक्का, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. घोडेगावच्या बाजारात पत्र्याच्या टपरीत फटफट्या उघडून बसायचास तेव्हा कुठं होती रे मीटिंग? म्हणून लिहिते. पत्र कट करता येत नाही. मी तिसरी शिकलेली, काना-मात्रा तू लावून घे. तुमच्या सिनेमाचा टेम्पोवाला ओंकार दोन-तीन दिवसांआड पुण्याला जातो, त्याच्याच हातात देते.

तुझ्यावर सिनेमा निघतोय म्हटल्यावर मी गावभर साखर वाटली होती. आता ती लोकांच्या तोंडातून काढून घ्यावीशी वाटते.

धरणाचं पाणी हटलं, गाळाची जमीन उघडी पडली, आणि तुमचा साहेब साठ माणसं घेऊन तिथं उतरला. सोळा सालच्या दुष्काळात तू जिथं फटफटी पळवलीस तिथंच. धूळ उडवायला मोठाले पंखे आणलेत. वैशाखात बेलथडीला धूळ विकत आणतात, बघून घे. सिनेमात माझं काम करणारी पोरगी म्हणजे काडी. गालाला डब्यातला चिखल लावून घेते आणि पायाला खरा चिखल लागला की किंचाळते. ते सगळं मी गिळलं. सिनेमा आहे, करू दे.

पण काल जे बघितलं त्यानं शिसारी आली.

पुंजारामची मालनबाई सगळ्या मंडळींचा चहा करते, आपण होऊन. "वाल्मिकभावजींचा सिनेमा म्हंजी घरचं कार्य," म्हणते. ती किटली घेऊन उभी, मी शेजारी. समोर तुझी फटफटी, म्हणजे तसली नकली. एक नट आला. पुंजारामसारखी मिशी, पुंजारामसारखा निळा मफलर. कडबाकुट्टीत तुटलेलं त्याचं बोट, तेसुद्धा सोडलं नाही. नटाचं बोट चिकटपट्टीनं मुडपून बांधलंय. त्यानं इकडंतिकडं चोरासारखं बघितलं, मूठभर माती उचलली आणि इंजिनात कोंबली. साहेब ओरडला, "मस्त! अजून एकदा, डोळ्यांत जळफळाट पाहिजे."

अजून एकदा केलं. मग अजून एकदा. तीन वेळा मालनबाईनं आपल्या मेलेल्या नवऱ्याला माती टाकताना बघितलं. किटली खाली ठेवली आणि घरी गेली.

वाल्मिक, तुझी धाव व्हावी म्हणून पुंजारामनं आपल्या गाळातल्या काकड्या मोडल्या. स्वतःच्या बैलांनी पाच किलोमीटर फळी मारली, अकरा दिवस. वजनाला फळीवर मी आणि मालनबाई उभ्या. ढेकूळ म्हणून ठेवलं नाही, आरशासारखी जमीन केली. ते सिनेमात कुठं आहे? जाताना दोनशे एकोणीसचा वेग निघाला तेव्हा मी गुलालाची पाटी डोक्यावर घेऊन पळत आले, सगळी तुझ्यावर रिकामी केली, ते कुठं आहे? ते पण नाही. परत येताना इंजिन जाम झालं, तू आपटलास, गुडघा गेला, रेकॉर्ड गेला. तू तेव्हा सगळ्यांना सांगितलंस, व्हाल्व तुटला. आता ही माती कुठून आली?

पुंजारामला जाऊन तीन वर्षं झाली. त्याला कुणी विचारायचं?

उत्तर दे.

लंका


चिंचवड
५ मे २०२४

ती. अक्का,

आशीर्वाद राखून ठेवलेस तरी मी पाया पडून घेतो.

तू रागावणार हे मला ठाऊक होतं. पण जरा शांतपणे ऐक. सिनेमात सगळं जसंच्या तसं नसतं. एका माणसाची फटफटी बंद पडली आणि तो घरी गेला, हे बघायला कोण येईल? साहेबांचं म्हणणं असं की हातातोंडाशी आलेला रेकॉर्ड गेला तर त्याला कुणीतरी कारण लागतं. आणि त्या पात्राचं नाव पुंजाराम नाही, बाबूराव ठेवलंय. मुद्दाम बदललंय.

मालनवहिनींना समजावून सांग. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते त्यांना माहीत आहे.

तुला राग आला असेल की फळीचं दाखवलं नाही. मी साहेबांशी बोलतो, फळी घालता येईल. गुलालाचं मात्र राहू दे अक्का. तो प्रसंग नको. मीच नको म्हणालो.

उन्हात फिरू नकोस. गोळ्या वेळेवर घे.

तुझा
वाल्मिक


बेलथडी
८ मे २०२४

वाल्मिक,

आज चि. पण लिहीत नाही.

नाव बदललं म्हणतोस. आणि मिशी? मफलर? बोट? बेलथडीत तुटक्या बोटाचे किती बाबूराव तुला माहीत आहेत?

आणि गुलालाचं राहू दे म्हणजे? समजलं मला. पुण्याला गेल्यापासून तुला गावंढळ बहिणीची लाज वाटते. पदर खोचून, तोंड लाल करून, बोंबलत पळत आलेली बाई सिनेमात शोभत नाही. त्यापेक्षा ती काडी बरी, लांब उभी राहून डोळे पुसते. मी त्या दिवशी डोळे पुसले नव्हते. मी नाचले होते. ते तुला नको असेल तर नको. माझं सोड.

मालनबाईचं सांगते. परवा गिरणीवर दळण घेऊन गेली. रंगुबाई सगळ्यांपुढं म्हणाली, "पुंजारामभावजींनी असं केलं हुतं व्हय? कधी वाटलं न्हाई बाई त्या मानसाकडं बघून." मालनबाई म्हणाली, "त्यांनी केलं न्हाई." तर रंगुबाई, "आता सिनेमावाल्यांना काय सपान पडलंय का? कुनीतरी सांगितलंच असंल की." दळण तिथंच टाकून ती परत आली. पीठ मी आणून दिलं.

बघ, अजून सिनेमा लागायचाय. लागला की नेवाशापासून नगरपर्यंत लोक बघतील. तिची पोरगी दिशा बारावीला आहे. कॉलेजात तिला काय म्हणतील? मातीवाल्याची पोरगी. ती बिचारी आईला विचारते, "अण्णांनी खरंच टाकली का गं?" पोटच्या पोरीला विचारावंसं वाटलं, इथवर गेलं हे.

मी साहेबाकडं गेले. तो खुर्चीत, वर छत्री धरलेली, हातात कसलं तरी हिरवं पाणी. मी विचारलं, "माती पुंजारामनं टाकली हे तुमाला कुनी सांगितलं?"

म्हणतो, "ताई, वाल्मिकजी म्हणाले इंजिनात काहीतरी गेलं होतं. कुणी टाकलं ते त्यांनी सांगितलं नाही. गाडीची राखण कोण करत होतं विचारलं तर पुंजाराम म्हणाले. बाकीचं आम्ही जुळवलं."

"मंजी तुमी मनानं ठरवलं."

"ताई, त्यांनी लिहिलेलं वाचलं, आणि सही केली."

तू सही केलीस. वाचून केलीस. घाण वाटली मला, वाल्मिक. ज्या माणसानं तुला पडल्यावर खाटेवर घालून रस्त्यापर्यंत उचलून आणलं, त्याच्या हातात माती बघून तू सही केलीस.

आता एकच विचारते. इंजिनात काय गेलं होतं आणि कुणी टाकलं? व्हाल्व तुटला हे खोटं, हे मला कळलं. नाव सांग. तो कुणी का असेना, मी त्याच्या दारात जाऊन उभी राहते. गावातला असो, भावकीतला असो, सोडत नाही. माझ्या भावाचा पाय ज्यानं मोडला त्याचं तोंड मला बघायचंय.

लंका


चिंचवड
११ मे २०२४

ती. अक्का,

विचारू नकोस. तुला हात जोडतो. जे झालं ते झालं. मेलेल्या माणसाला काही लागत नाही, जिवंत माणसांना लागतं. एवढंच समज.

वाल्मिक


बेलथडी
१४ मे २०२४

वाल्मिक,

पुंजारामला लागत नसेल. मालनबाई जिवंत आहे.

आज सकाळी सात वाजता मी तुमच्या रस्त्यात जाऊन बसले. बरोब्बर मधोमध, जिथं नकली फटफटी पळवायची तिथं. खाली गोणपाट, शेजारी पाण्याचा हंडा, डोक्यावर पदर. साहेब आला, गोड बोलला. मग त्याचा हाताखालचा आला, तो कडू बोलला. त्याला म्हटलं, "ही जमीन म्या फळीवर उभं राहून केली हाय. तुजा बाप आला हुता का बैल हाकायला?" मग कुणी आलं नाही. पंखे बंद, सगळी मंडळी सावलीत बसून मोबाईल बघत होती. ती काडी तेवढी आली, मला छत्री दिली आणि गेली. पोरगी वाईट नाही.

उद्या पण बसणार. परवा पण. नाव येईपर्यंत. ओंकारला सांगितलंय, चिठ्ठी घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

लंका


चिंचवड
१५ मे २०२४

ती. अक्का,

ओंकार खाली टेम्पोत बसलाय. दोनदा कागद फाडला. आता लिहितो.

तुला आठवतं का, जाताना धाव झाली तेव्हा मी टोकाला थांबलो होतो. वेग घड्याळात धरणारी मोटरसायकल क्लबची माणसं म्हणाली, दोनशे एकोणीस. पण रेकॉर्ड तेवढ्यावर होत नाही. तासाच्या आत त्याच वाटेनं उलटं यायचं असतं, म्हणजे वाऱ्यानं मदत केली असेल तर ती वजा होते. दोन्हीची सरासरी. हे मी पुंजारामला सांगितलं होतं, क्लबवाल्यांना माहीत होतं. गावाला कुणी सांगितलंच नाही. आपल्याकडं शर्यतीत बैलांनी निशाण ओलांडलं की शर्यत संपली. लगेच गुलाल. परत उलटं कोण पळवतं?

इंजिन मी बंद केलं नव्हतं. चालूच होतं. हवा मोकळी मिळावी म्हणून कार्बोरेटरच्या तोंडाची जाळी मीच काढली होती. उघडं तोंड, समोर येईल ते आत ओढणारं. तू पाटी घेऊन आलीस. मी हेल्मेटमधून ओरडलो, "अक्का, अजून परत यायचंय, थांब." हेल्मेटमधलं कुणाला ऐकू जातं? तू दोन्ही हातांनी उधळत होतीस. माझ्यावर, टाकीवर, इंजिनावर. पाटी रिकामी झाल्यावर ती पण आपटलीस.

तुझा चेहरा बघून मी काही बोललो नाही. पुसलं, वळलो, निघालो. तीन किलोमीटर आलो. मग मागचं चाक जागच्या जागी थांबलं.

चार महिन्यांनी कुबड्या घेऊन घरी आलो तेव्हा पुंजारामनं इंजिन गोणीत घालून आणलं. तुमच्या गोठ्यामागं आम्ही ते उघडलं. आत लाल चिखल होता. पेट्रोलमध्ये कालवलेला गुलाल. पेट्रोल यायचं जेटचं भोक बुजलेलं, पिस्टन घासून चिकटलेला. पुंजारामनं रॉकेलच्या फडक्यानं सगळं पुसून काढलं, फडकं चुलीत घातलं आणि म्हणाला, "व्हाल्व तुटला हुता, वाल्मिकराव. लंकाक्काला दुसरं काय सांगायचं न्हाई. ती खाणं सोडंल."

मरेपर्यंत त्यानं ते सांभाळलं.

साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की आत काहीतरी गेलं होतं. पुढं त्यांनी पुंजारामचं लिहिलं. मी वाचलं. मला वाटलं, तो गेलाय, तू आहेस. सही केली. तुला वाचवताना मी त्याला विकलं, हे तुझं पहिलं पत्र येईपर्यंत मला नीट दिसलंच नव्हतं. दिसल्यावरही गप्प बसलो.

गुलालाचा प्रसंग नको म्हणालो तो लाजेपायी नाही, अक्का.

वाल्मिक


बेलथडी
२१ मे २०२४

वाल्मिक,

मधे टेम्पो दोनदा गेला. माझ्याकडं द्यायला काही नव्हतं.

तुझं पत्र मी तिथंच रस्त्यात बसून वाचलं. मग गोणपाट उचललं आणि घरी आले. दोन दिवस अन्नाचा वास सहन होईना. नळावर हात घासत होते. आठ वर्षांनी गुलाल निघतो का? गोठ्यामागं गेले, जिथं तुम्ही इंजिन उघडलं होतं तिथं बसले. तुझा गुडघा वाकत नाही, तू जिना चढताना कठड्याला लटकतोस, आणि मी दर दिवाळीला त्या व्हाल्वच्या कंपनीला शिव्या देत होते. तू समोर बसून करंजी खात होतास. मला तुझी पण किळस आली आणि माझी पण. कुणाची जास्त ते ठरेना.

मी लिहिलं होतं, ज्यानं केलं त्याच्या दारात जाऊन उभी राहते. आता आपल्याच दारात किती वेळ उभं राहायचं? मालनबाईकडं गेले.

ती कुरडया घालत होती. सोऱ्या चालूच. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फडक्यासकट. तिचा हात थांबला नाही. सगळा चीक संपेपर्यंत घालत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी मह्या मानसानं तुजं झाकलं. आन् तुह्या भावानं त्येच्या हातात माती दिली."

"व्हय," म्हटलं.

"मंग हितं कशाला आलीस? हितं कोन हाय ऐकायला? तिथं जाऊन बोल. जिथं टाकली तिथं."

आणि आत गेली. दार लावलं.

मी सरळ धरणात गेले. साठ माणसं होती, वर गावातली शंभरएक बघायला जमलेली, रंगुबाई पुढं. मी साहेबापुढं उभी राहून मोठ्यानं सांगितलं, "माती न्हाई, गुलाल हुता. पुंजारामनं न्हाई, म्या टाकला. चालू इंजिनात, धाव अर्धी असताना. कारन मला वाटलं संपली." रंगुबाईनं पदर तोंडाला लावला.

साहेब म्हणाला, "ताई, हे फार हळवं आहे. पण प्रेक्षकांना व्हिलन लागतो."

"हाय की. म्या उभी हाय."

"पण तुमचा हेतू वाईट नव्हता ना."

"हेतू दाखवता येत नसंल तर नका दाखवू. हात दाखवा."

तो डोकं खाजवत बसला. शेवटी म्हणाला, वाल्मिकजी स्वतः येऊन सांगतील तर बघू, सही त्यांची आहे. तर आता ये. मीटिंग असेल तर मोड. साहेबाकडं नंतर जायचं, आधी मालनबाईच्या दारात. ती दार उघडणार नाही. थांब. पाय दुखेल. दुखू दे.

लंका


चिंचवड
२२ मे २०२४

ती. अक्का,

उद्या सकाळच्या एसटीनं निघतो.

वाल्मिक


बेलथडी
१ जून २०२४

चि. वाल्मिक,

आशीर्वाद. घे.

तू गेल्यावर पाच दिवसांनी गुलालाचा तो प्रसंग घेतला. तुला सांगायचं राहू नये म्हणून लिहिते. मातीचं सगळं काढून टाकलं, साहेबानं दिशाला समोर बसवून दाखवलं. पुंजारामचा नट आता फळीमागं बैल हाकतो. नाव पण पुंजारामच ठेवलं. मफलर तोच, बोट तेच.

मालनबाईनं तुला साडेतीन तास ओट्यावर बसवलं आणि एक पेलाभर पाणी दिलं, ते तू मनाला लावून घेऊ नकोस. मला तेवढं पण दिलेलं नाही. रस्त्यात दिसली तर तोंड फिरवते. तिचा हक्क आहे.

काल त्या काडीनं गुलाल टाकला. अरे देवा. हळदीकुंकवाला बोलावल्यासारखी चिमूट चिमूट. साहेब म्हणतो, छान. मला बघवेना. सरळ मधे घुसले. म्हटलं, "बाई, आसा टाकला आस्ता तर इंजिन आजून चाललं आस्तं. बाजूला सर, दावते."

पण नटीच्या ताटलीत होता चमचाभर गुलाल. त्यात काय दाखवणार? मी म्हटलं, पाटी पाहिजे. सगळे एकमेकांकडं बघायला लागले, पाटी कुणाकडं नाही.

तर माणसांच्या मागून मालनबाई आली. डोक्यावर पाटी. माझ्याकडं बघितलं नाही. पाटी माझ्या पायाशी ठेवली आणि मागं जाऊन उभी राहिली, हाताची घडी घालून, दिशाला शेजारी घेऊन.

पाटी काठोकाठ भरलेली होती.

मी पदर खोचला आणि दोन्ही हात घातले.

लंका